३२ हजार शब्द आणि एक आजी

‘मामिह्लापिनातापाइ’ हा शब्द तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेला असणार. ‘भाषांतर न होणारे जगातले दहा शब्द’ अशा पोस्टी फिरत असतात, त्यांत तो हमखास असतो. अर्थ साधारण असा सांगतात : दोघं एकमेकांकडे बघतायत, दोघांच्याही मनात एकच गोष्ट आहे, पण सुरुवात समोरच्यानं करावी म्हणून दोघंही थांबलेत. गिनेस बुकनं या शब्दाला ‘सर्वांत थोडक्यात सर्वांत जास्त सांगणारा’ म्हणून जागा दिली होती. पोस्टच्या खाली बारीक अक्षरांत ‘यागान भाषेतून’ असं असतं. त्याखाली हार्टच हार्ट.

माझी उत्सुकता त्या बारीक अक्षरांची होती. त्यांच्या मागे लागून गेली दोन-तीन वर्षं मी जमेल तसं वाचत गेलो. डार्विनची प्रवासवर्णनं, मिशनऱ्यांच्या हकिकती, १९३३ सालच्या एका शब्दकोशाची स्कॅन केलेली पानं. वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. यागान लोकांबद्दल बाहेरच्यांनी वेळोवेळी छातीठोक निकाल दिले, आणि प्रत्येक निकालाच्या वेळी ते लोक तिथंच, शेजारी उभे होते.

दक्षिण अमेरिकेचा नकाशा मोबाइलवर उघडा आणि खाली खाली जात राहा. जमीन निमुळती होत जाते आणि शेवटी तिचे तुकडे होतात. हे तुकडे म्हणजे तिएरा देल फ्वेगो, म्हणजे आगीची भूमी. १५२० साली मॅगेलनला किनाऱ्यावर जागोजागी आगी दिसल्या, त्यावरून हे नाव पडलं. यागान लोक राहायचे ते याच्याही दक्षिणेला, बीगल खाडीपासून केप हॉर्नपर्यंतच्या बेटांवर. उन्हाळ्यातही बर्फ पडू शकतं अशी ही जागा. तिथं हे लोक झाडाच्या सालीच्या होडीत राहायचे. फिरायचे असं मी मुद्दाम म्हणत नाही, कारण होडी हे जवळजवळ घरच होतं. होडीच्या मध्यभागी माती-वाळूचा थर, त्यावर सतत पेटती चूल. पुरुष पुढे भाला घेऊन सील मारायला तयार, बाई मागे वल्ह्यावर. किनाऱ्याला लागलं की घरातली माणसं उतरायची आणि मग बाई होडी पुन्हा आत नेऊन समुद्रातल्या लांबलचक शेवाळाच्या वेलींना बांधायची आणि त्या बर्फगार पाण्यातून पोहत परत यायची. पोहणं हे बायकांचं काम. पुरुषांना बहुधा पोहता यायचंच नाही. अंगावर कपडे जवळजवळ नाहीत, सीलची चरबी चोळलेली. ओल्या हवेत ओले कपडे अंगावर बाळगण्यापेक्षा हे किती शहाणपणाचं होतं, ते पुढे कळेल.

१८३० साली रॉबर्ट फिट्झरॉय हा इंग्रज कप्तान ‘बीगल’ जहाज घेऊन इथली मोजणी करत होता. त्याची एक छोटी नाव चोरीला गेली. ती परत मिळावी म्हणून त्यानं काही माणसं ओलीस धरली. नाव मिळाली नाही, पण शेवटी चार जण त्याच्या जहाजावर उरले आणि यांना इंग्लंडला नेऊन ‘सुधारावं’ असं त्याच्या मनानं घेतलं. या चौघांतला एकच यागान होता. साधारण चौदा वर्षांचा ओरुंडेलिको. त्याच्या बदल्यात शिंपल्याचं एक बटण दिलं म्हणून खलाशांनी त्याचं नाव ठेवलं जेमी बटन. बाकी तिघं शेजारच्या कावेस्कार लोकांतले. त्यांतला एक इंग्लंडला पोचल्यावर देवीच्या रोगानं गेला. उरलेल्यांना लंडनजवळच्या वॉल्थमस्टो गावातल्या शाळेत घातलं. १८३१ साली राजा-राणीसमोरही उभं केलं. जेमीला चकचकीत बूट आणि हातमोजे फार आवडायचे असं लिहून ठेवलेलं आहे.

परतीच्या प्रवासात त्याच जहाजावर बावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन होता. जेमी त्याला आवडायचा. पण जेमीची माणसं किनाऱ्यावर प्रत्यक्ष दिसली तेव्हा डार्विन हादरला. त्यानं लिहिलं, की यांच्या भाषेला धड भाषा म्हणणंही अवघड आहे. घसा खाकरण्याशी तिची तुलना त्याला पटली. गंमत म्हणजे थोडं पुढे तोच नोंदवतो की हे लोक पक्के नकलाकार आहेत. आपण बोललेलं अख्खं इंग्रजी वाक्य ते शब्दन् शब्द जसंच्या तसं म्हणून दाखवतात, आणि आपल्याला मात्र त्यांच्या वाक्यातले तीन शब्दही धरता येत नाहीत. एवढं दिसूनही कान कुणाचा कच्चा, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही. डार्विनबद्दल मला आदर आहे. म्हणूनच हे पान वाचताना जास्त चिडचिड होते.

जानेवारी १८३३मध्ये जेमीला नवारिनो बेटावरच्या वुलाया इथं उतरवलं. सोबत इंग्लंडमधल्या सद्‍गृहस्थांनी दिलेल्या भेटी : वाइनचे ग्लास, चहाचे ट्रे, सूपची भांडी, पांढरेशुभ्र कपडे. आई आणि भाऊ भेटायला आले, पण जेमी आपली भाषा जवळजवळ विसरला होता. भावाशी तो इंग्रजीत बोलायला लागला. वर्षभरानं ‘बीगल’ पुन्हा आलं तेव्हा एका होडीतून हडकुळा, उघडा, केस वाढलेला माणूस आला. तो जेमी. फिट्झरॉयनं त्याला जेवायला बसवलं आणि परत इंग्लंडला यायचं का, असं विचारलं. जेमी नको म्हणाला. त्याचं लग्न झालं होतं. जाताना त्यानं मित्रांसाठी ऊदमांजराची कातडी आणि स्वतः घडवलेली भाल्याची टोकं दिली, आणि किनाऱ्यावर निरोपाचा जाळ पेटवला.

इथून पुढे मिशनरी येतात. पहिल्या मोहिमेतले सात जण १८५१ साली उपासमारीनं मेले. १८५९ साली वुलायात रविवारची प्रार्थना चालू असताना आठ जणांना मारून टाकण्यात आलं. जेमीवर आळ आला, चौकशी झाली, सिद्ध काही झालं नाही. या सगळ्यात फॉकलंड बेटांजवळच्या केपल बेटावरच्या मिशनमध्ये एक पोरगा वाढत होता. थॉमस ब्रिजेस. अनाथ, मिशनच्या प्रमुखानं दत्तक घेतलेला. लहानपणी एका पुलापाशी सापडला म्हणून ‘ब्रिजेस’, अशी आख्यायिका आहे. दत्तक वडील कंटाळून इंग्लंडला परतले, पण हा विशीही न गाठलेला मुलगा मागे राहिला. केपलवर ओकोको आणि त्याची बायको कामिलेना हे यागान जोडपं होतं. त्यांच्याकडून तो यागान शिकला. १८६३ साली तो यागान किनाऱ्यावर गेला आणि लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलायला लागला.

त्यानं पुढची तीसेक वर्षं काय केलं, तर शब्द गोळा केले. १८७१पासून बायकोमुलांसह उश्वाइयाला राहिला. लूककृत शुभवर्तमान यागानमध्ये आणलं, ते १८८१ साली छापलं गेलं. आणि रोज रात्री वहीत शब्द. डार्विनला जिथं घशाची खरखर ऐकू आली, तिथं ब्रिजेसच्या वहीत ३२ हजारांहून जास्त नोंदी झाल्या.

हा आकडाही पोस्टींमध्ये फिरतो, म्हणून जरा थांबून. यागानमध्ये एका क्रियापदाला पुढे-मागे प्रत्यय जोडून ढीगभर रूपं होतात आणि ब्रिजेसनं त्यांतली पुष्कळ वेगळी नोंदवली. त्यामुळे ‘बघा, इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा यांच्याकडे जास्त शब्द’ अशी शर्यत लावण्यात अर्थ नाही. खरी मजा तपशिलात आहे. ब्रिजेसचा मुलगा लुकास १८७४ साली उश्वाइयातच जन्मला आणि यागान पोरांबरोबर वाढला. तो सांगतो, की ‘किनारा’ या एका गोष्टीला कितीतरी शब्द होते. किनारा बोलणाऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे, मध्ये पाणी आहे की जमीन, त्याचं तोंड कुठल्या दिशेला, यावर शब्द ठरायचा. होडीत बसलेला माणूस एक शब्द वापरेल, जमिनीवर उभा असलेला दुसरा. नात्यांसाठी पन्नासेक शब्द. साडू, जाऊ, नणंद, व्याही हे वेगवेगळे लागणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं कौतुक वाटेल, नवल वाटायचं कारण नाही. ब्रूस चॅटविन या प्रवासी लेखकानं १९७७ साली या कोशातून एक शब्द उचलला. खिन्न असणं म्हणजे जुनं कवच टाकलेल्या आणि नवं अजून न आलेल्या खेकड्याची अवस्था. खेकडे धरणाऱ्यालाच सुचेल अशी उपमा आहे ही.

आणि यागानमध्ये द्विवचन आहे. एक, दोन, अनेक अशी तीन वचनं. संस्कृतात होतं, मराठीपर्यंत येता येता गळून पडलं. ‘मामिह्लापिनातापाइ’ हा शब्द फोडून पाहिला तर त्याच्या पोटात ‘काय करावं ते न सुचणं’ या अर्थाचं ‘इह्लापि’ सापडतं, पुढे ‘एकमेकांना’ असं सांगणारं ‘माम’ आणि मागे द्विवचनाचा प्रत्यय. म्हणजे प्रेम वगैरे त्यात आपण घातलं. शब्दात आहेत फक्त दोन माणसं, एकमेकांसमोर अडलेली. दोनच, एक कमी नाही की एक जास्त नाही.

आता वहीच्या बाहेर काय चाललं होतं ते. युरोपी आणि अमेरिकी जहाजांनी सील आणि देवमासे इतके मारले की यागान लोकांचं मुख्य अन्नच आटलं. मिशननं लोकांना होडीतून उतरवून घरांत, बागायतीत, कपड्यांत आणलं. कपडे ओले राहायचे. बंद घरांत खोकला एकाकडून दुसऱ्याकडे जायचा. क्षय पसरला. १२ ऑक्टोबर १८८४ हा उश्वाइया शहराचा स्थापनादिन. त्या दिवशी अर्जेंटिनाच्या नौदलानं तिथं आपला झेंडा फडकवला आणि ब्रिजेसनं मिशनचा उतरवला. या जहाजांच्या पाठोपाठ गोवर आला. ब्रिजेसच्या घरातली मुलं त्यातून निभावली. आसपासच्या यागान वस्तीत, लुकासच्या सांगण्यानुसार, निम्म्याहून जास्त माणसं गेली. ब्रिजेसच्याच अंदाजानुसार एके काळी तीन हजारांच्या घरात असलेले हे लोक १८८४ साली हजारभर होते. दोन वर्षांनी चारशेच्या आसपास. १९२०च्या दशकात शंभराच्याही आत.

म्हणजे कोश जाडजूड होत गेला, तशी तो वाचून ‘हो, असंच म्हणतात’ असं सांगू शकणारी माणसं कमी होत गेली. ब्रिजेसला मी खलनायक करणार नाही, तो तसा नव्हताच. लोकांच्या बाजूनं तो भांडलाही. पण ज्या मिशनमुळे त्याला रोज शब्द ऐकायला मिळायचे, त्याच मिशननं लोकांना एका जागी गोळा केलं होतं. आणि रोगाला गोळा झालेली माणसं आवडतात.

कोशाचं पुढे जे झालं त्यावर वेब सिरीज निघेल. बेल्जियमच्या अंटार्क्टिक मोहिमेवरचा अमेरिकन डॉक्टर फ्रेडरिक कुक वाटेत ब्रिजेसकडे थांबला, हस्तलिखितावर त्याचा डोळा गेला. १८९८ साली ब्रिजेस वारला. मोहिमेवरून परतताना छापून आणतो म्हणून कुकनं ते नेलं. काही वर्षांनी कळलं की बेल्जियममध्ये कोश छापायला घेतलाय आणि लेखक म्हणून पुढे नाव आहे कुकचं. हाच कुक पुढे ‘उत्तर ध्रुवावर मीच आधी पोचलो’ या वादग्रस्त दाव्यासाठी गाजला आणि तेलकंपनीच्या शेअर घोटाळ्यात तुरुंगात गेला. दरम्यान पहिलं महायुद्ध. हस्तलिखित हरवलं, मग जर्मनीत फर्डिनांड हेस्टरमान या अभ्यासकाच्या हाती लागलं. १९३३ साली ऑस्ट्रियात मोजक्या प्रती निघाल्या, अखेर ब्रिजेसच्या नावानं. मूळ वह्या दुसऱ्या महायुद्धातूनही वाचल्या आणि लंडनला पोचल्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ओकोको आणि कामिलेना यांची नावं मुखपृष्ठावर कधीच आली नाहीत, ना कुकच्या, ना ब्रिजेसच्या.

हे वाचताना मला मोल्सवर्थ आठवत राहिला. जेमी बटन राजासमोर उभा होता त्याच वर्षी, १८३१ साली, मुंबईत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत साठेक हजार शब्द होते. तोही परक्यानं, इथल्या शास्त्रीबुवांना विचारून विचारून केलेला. आजही एखाद्या शब्दावरून वाद झाला की आपण ‘मोल्सवर्थ बघ’ म्हणतो. तो कोश आपल्याला जुनं कपाट वाटतो, कारण घर भरलेलं आहे. यागानांच्या वाट्याला कपाट आलं, आणि घरातली माणसं उठून जात राहिली.

त्यांतली एक २४ मे १९२८ रोजी नवारिनो बेटावर जन्मली. क्रिस्तिना काल्देरोन. आईवडील लहानपणीच गेले, नातेवाइकांनी वाढवलं. नऊएक वर्षांची होईपर्यंत तिला फक्त यागान येत होतं, स्पॅनिश नंतर शिकली. १९५३ साली चिलीच्या नौदलाचा तळ म्हणून पुएर्तो विल्यम्स वसलं आणि पुढे बेटावरच्या मेहियोनेस वस्तीतल्या यागान कुटुंबांना त्याच्या कडेला उकिका नावाच्या वाडीत आणलं गेलं. शाळा, दुकान, नोकरी, सगळं स्पॅनिशमध्ये. मुलांच्या पिढीकडे यागान पोचली ती कानावर पडलेली, तोंडात रुळलेली नाही.

क्रिस्तिना, तिची बहीण उर्सुला आणि नात्यातली एमेलिंदा आकुन्या, या तिघी आपसांत यागान बोलायच्या. उर्सुला २००३ साली गेली, एमेलिंदा २००५ साली. त्यानंतर सतरा वर्षं क्रिस्तिना ही भाषा येणारी एकटी होती. तिची मुलाखत घ्यायला जगभरातून लोक यायचे. यागानमध्ये काहीतरी बोला म्हणायचे. ती बोलायची, ते रेकॉर्ड करायचे. उत्तर देणारं समोर कुणी नसायचं. द्विवचन असलेल्या भाषेत हे.

२००९ साली चिली सरकारनं तिला ‘जिवंत मानवी ठेवा’ असा किताब दिला. पत्रकार तिला सर्रास ‘शेवटची यागान’ म्हणायचे. हे बिरूद नवं नव्हतं. १९८३ साली वारलेल्या रोसा यागान या बाईवर जे पुस्तक निघालं, त्याच्या नावातही ती ‘शेवटचा दुवा’ आहे. त्याही आधी, १९१८ ते १९२४ या काळात चार वेळा तिथं गेलेल्या मार्टिन गुसिंडे या जर्मन पाद्री-अभ्यासकाला आपण एका संपत आलेल्या जमातीची शेवटची नोंद करतोय असंच वाटत होतं. शंभर वर्षं ‘शेवटचे’ चालू आहेत. ‘शेवटची यागान’ या मथळ्याखालच्या फोटोत क्रिस्तिनाच्या मागे तिच्या मुली, नातवंडं बसलेली असतात. ती कोण म्हणे? चिलीच्या २०१७च्या जनगणनेत सुमारे १,६०० लोकांनी स्वतःला यागान म्हणून नोंदवलं.

मला या शब्दाचा राग का येतो, ते सांगतो. ‘शेवटचा’ म्हटलं की वारस उरत नाहीत आणि वारस नसले की जमिनीचं, पाण्याचं कुणाला विचारावं लागत नाही. हे हवेतलं बोलणं नाही. बीगल खाडीत पिंजऱ्यांतून सामन मासे वाढवण्याचा उद्योग यायला लागला तेव्हा त्याविरुद्ध उभे राहिले ते हेच ‘संपलेले’ लोक. २०१९ साली नॉर्वेचे राजा-राणी पुएर्तो विल्यम्सला आले, तेव्हा यागान समाजानं त्यांच्यासमोर आपला विरोध मांडला. खाडीच्या पलीकडे अर्जेंटिनाच्या तिएरा देल फ्वेगो प्रांतानं २०२१ साली सामनच्या अशा शेतीवर कायद्यानं बंदी घातली. त्याच वर्षी चिलीची नवी राज्यघटना लिहायला जी सभा निवडली गेली, तिच्यात यागान समाजाची एक राखीव जागा होती. तिच्यावर निवडून आली लिदिया गोन्सालेस काल्देरोन, क्रिस्तिनाची मुलगी.

१६ फेब्रुवारी २०२२ रोजी क्रिस्तिना आजी कोविडनं गेली. ९३ वर्षांची होती. बातमी लिदियानं ट्विटरवरून दिली. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत मथळे होते, ‘एक भाषा मेली’.

मथळा अगदी खोटा आहे असं मी म्हणणार नाही. होडीतून किनाऱ्याला एक शब्द आणि जमिनीवरून दुसरा, हे कुणाला विचार न करता जमायचं तर त्या होडीत वाढावं लागतं. तसं वाढलेलं माणूस आता नाही. ते कुठल्या ॲपमधून परत येत नाही. पण आजीनं नुसत्या मुलाखती दिल्या नव्हत्या. तिची नात क्रिस्तिना सार्रागा तिच्याजवळ बसून गोष्टी उतरवून घेत होती. दोन्ही आज्यांच्या, क्रिस्तिना आणि उर्सुलाच्या, गोष्टींचं पुस्तक २००५ साली आलं. त्याच्या नावाचा अर्थ आहे ‘मला तुला एक गोष्ट सांगायची आहे’. मग तिनं आणि ऑलिव्हर फोगेल यांनी ‘यागानकुता’ नावाचा छोटा शब्दकोश काढला. ब्रिजेसच्या कोशाशेजारी तो अगदीच किरकोळ दिसेल. त्यात ३२ हजार नोंदी नाहीत. पण तो लंडनमधल्या कपाटासाठी केलेला नाही, उकिकातल्या पोरांच्या दप्तरासाठी आहे, आणि आजीचं नाव त्यात लपवलेलं नाही.

पुएर्तो विल्यम्समध्ये एक संग्रहालय आहे. अनेक वर्षं त्यावर गुसिंडेचं नाव होतं. यागान लोकांच्या वस्तू बघायच्या तर त्या पाद्र्याच्या नावाच्या दारातून आत जावं लागायचं. यागान समाजानं नाव बदलायची मागणी लावून धरली आणि २०२३ साली ते बदललं. आता पाटीवर ‘यागान उसि’ असं आहे. उसि म्हणजे भूमी.